बाटलीभर हवा

"काय भरताय? बाटली तर रिकामीच दिसतेय."

झालं, तिची सगळी मेहनत पाण्यात गेली. टेकडीवर चढायचं, वाऱ्याकडे तोंड करायचं, श्वास रोखून काचेच्या बाटलीत हवेचा नमुना भरून घ्यायचा आणि कार्बन मोजायला प्रयोगशाळेत द्यायचा, हे तिचं काम. आणि नेमका वारा येत होता त्याच बाजूला हा वायरमन येऊन उभा राहिला होता.

"हवा भरत होते. आता तुमचा श्वास भरलाय," ती म्हणाली. "त्यात बाहेरच्यापेक्षा शंभरपट कार्बन असतो."

तो ओशाळला, पण हलला नाही. टेकडीवरच्या मोबाइल टॉवरचा डिझेल जनरेटर काढून सौर पॅनल बसवायला आलेला हा माणूस भलताच चौकस होता.

"म्हणजे आपल्या श्वासानं हवा बिघडते?"

"छे. आपण खातो ते झाडांनी हवेतूनच घेतलेलं. श्वासातून ते परत जातं, झाडं पुन्हा घेतात. तुमच्या जनरेटरचं तसं नाही. जमिनीखाली कोट्यवधी वर्षं निवांत पडलेलं तेल काढून जाळायचं... झाडं आणि समुद्र तरी किती पुरे पडणार? उरतं ते वर साठतं."

"म्हणजे माझा श्वास निर्दोष."

"जगापुरता. माझ्या बाटलीपुरता नाही."

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी तिला चांगलंच झापलं. पुन्हा नमुना बिघडला तर हे काम दुसऱ्याला. मग तिनं त्याला गवताची काडी उडवून वारा ओळखायला शिकवलं. त्यानंतर ती आली की तो काडी उडवायचा, मुकाट तिच्या पाठीमागे जाऊन थांबायचा आणि बाटली बंद होताच प्रश्नांची सरबत्ती करायचा. झाड मेल्यावर त्यातला कार्बन जातो कुठे? समुद्राचं पोट कधी भरतं का? अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही. तिला मात्र एकाच प्रश्नाची आस लागली होती, आणि तो काही येत नव्हता.

पॅनल बसली. जनरेटर ट्रकमध्ये चढला. त्या दिवशी तिनं श्वास रोखून बाटली उघडली, आणि पाठीमागून तो म्हणाला, "उद्यापासून मी इथे नसेन... लग्न करशील माझ्याशी?"

बाटली उघडी होती. तिनं जोरात होकाराची मान हलवली... पण त्याची पावलं तर केव्हाच टेकडी उतरू लागली होती. बाटली आपल्या गतीनं भरत राहिली. ती बंद होताच ती धावत सुटली.

ट्रकपाशी पोहोचली तेव्हा तोंडातून शब्द फुटेना.

"नाही म्हणायला एवढी धावलीस?" त्यानं भीत भीत विचारलं.

"हो... म्हणायला." ती धापा टाकत होती. "श्वास रोखला होता ना मी... वेड्या."

"माहीत होतं. म्हणून तर तेव्हा विचारलं. नकार ऐकायचा धीर नव्हता."

"आणि पळालास?"

"पळालो." मग हळूच, "बाटली?"

"चांगली आहे."

ती जवळ सरकली तसा सवयीनं त्याचा हात गवताच्या काडीकडे गेला. तिनं तो वरच्यावर धरला. आता वारा कुठूनही येवो.