सावडीचा अर्धा दिवस

झेरॉक्सच्या दुकानासमोर वाऱ्याने वर्गाने भरून दिलेले माझे साठ फॉर्म उडवले, तेव्हा तिथे उभ्या पाचजणांपैकी चौघं हसले. पाचवा वाकला. त्याने एकोणसाठ फॉर्म गोळा करून दिले आणि साठावा हातातच ठेवला.

"तोही दे."

"हा माझा आहे," तो म्हणाला. "वाचणार असशील तरच देतो."

दोन हजार सोळाचा जुलै. डहाणूजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात व्यवस्थापनाच्या तासाला शेवटचे तीन बाक नेमाने झोपत. विभागप्रमुख वैतागून म्हणाले, "हा विषय कसा शिकवायचा ते तुम्हीच शोधा. पुढच्या शनिवारी समितीपुढे मांडा. पटलं तर बदलू, नाहीतर आहे तसंच." हात मी वर केला, म्हणून काम माझ्या गळ्यात.

फॉर्म वाचले. एकोणसाठ जणांनी लिहिलं होतं, 'शिकवणे उत्तम.' त्यांत झोपणारे तिन्ही बाक होते. साठाव्यावर होतं, 'कळत नाही. हेच आई कैनाडला शेतात शिकवते, तिथे झोप येत नाही. धनेश, मेकॅनिकल.'

दुसऱ्या दिवशी त्याला कँटीनमध्ये गाठलं.

"बाकीचे खोटं का बोलले?"

"दक्षा, तू वर रोल नंबरचा रकाना ठेवलास. मार्क सरांच्या हातात असताना कोण खरं लिहील?"

चूक माझीच, आणि ती दाखवताना तो हसलाही नाही. त्यामुळे भांडायची सोयच राहिली नाही.

"मग तू का लिहिलंस?"

"फॉर्म वाटताना तू म्हणालीस... खरं लिहा हं. म्हणजे सगळ्यांनाच म्हणालीस, पण मी..." पुढचं त्याने चहाबरोबर गिळलं.

रविवारी मी तलासरीच्या घरून कैनाडला गेले. आवणी चालू होती. अकरा घरांची माणसं एका शेतात भात लावत होती आणि गुडघाभर चिखलात उभी त्याची आई, हिराबाई, उद्या कोणाचं शेत ते सांगत होती.

मी वही काढली. "मावशी, आधी कोणाचं ते कसं ठरवता?"

"ज्याचं रोप म्हातारं व्हाया आलं, त्याचं आधी. मग तो गरीब असो का मोठा. वही ठेव पोरी, वाकलीस तर कळंल."

वाकले. पुस्तकाच्या तीस पानांनी जे सांगितलं नव्हतं, ते दुपारपर्यंत कमरेने सांगितलं. माझी ओळ वाकडी जात होती. शेजारून धनेश ती गुपचूप सरळ करत होता, आणि मी न पाहिल्यासारखं करत होते. बोटाला बोट सात वेळा लागलं. त्यातले पाच योगायोग मी मान्य करते.

निघताना हिराबाई म्हणाली, "आमच्यावर तुझा एक दिवस राहिला. सावड हाय ही, दिवसाला दिवस. तुझं शेत कुठं?"

"शेत नाही, मावशी. बाबा शिक्षक आहेत."

"मग धनेश देईल दुसऱ्या कामाचा. पण एक सांगते, सावड समदी फेडायची नाय. फिटली का येणंजाणं बंद. थोडी ठेवायची."

सोमवारी मी फॉर्म पुन्हा वाटले, रोल नंबरशिवाय. साठातल्या सत्तेचाळीसांनी लिहिलं, 'कळत नाही.'

शनिवारी दुपारी समितीपुढे आधी माझी चूक सांगितली, मग हे आकडे. आणि मग, चार माणसांपुढे न बोलणारा धनेश खडू घेऊन उभा राहिला. त्याने फळ्यावर आईच्या सावडीतल्या अकरा घरांची शेतं काढली, प्रत्येक रोपाचं वय लिहिलं, आधी कोण ते दाखवलं. ओळी शेतातल्यासारख्याच सरळ होत्या.

विभागप्रमुख उठून फळ्याजवळ आले. "हे वेळापत्रक आईंनी कागदावर काढलंय?"

"नाही सर. ती ते करते."

पुढच्या सत्रात चार तास वर्गाबाहेर, असं ठरलं. पहिला कैनाडला.

व्हरांड्यात तो हाताचा खडू झटकत होता. जरा उदासच वाटला.

"तुझा दिवस दिला," तो म्हणाला. "सावड फिटली."

"कुठे फिटली? तू दुपारनंतर बोललास. अर्धाच दिवस झाला."

त्याने मान वर केली. "मग उरलेला अर्धा... कधी देऊ?"

"देऊ नकोस."

सावकाश त्याचा सगळा चेहरा हसला, कानसुद्धा.

"आई विचारेल. तिला काय सांगू?"

"सांग," मी म्हटलं, आणि या वेळी त्याचं बोट मीच धरलं, योगायोगाशिवाय, "थोडी ठेवली आहे."