बोगद्यातली काच

नोलीन गेल्याचा हॉस्पिटलातून फोन खालच्या स्टेशनच्या तिकीटखिडकीत आला. तिथल्या माविसने रिसीव्हर एर्नीच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. एर्नीने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाला. पोलादी दोराने रुळांवरून टेकडी चढणारी लाल लाकडी गाडी भरून उभी होती, आणि दांडा ओढून ती चालवणारा माणूस तोच होता.

"अरे, दुसरं कुणी नेईल," माविस म्हणाली.

"माणसं बसलीयत. वर सोडून येतो."

पहिल्या बोगद्यात समोरची काच काळी झाली, आरशासारखी. काचेत एर्नीच्या मागे कुणी उभं नव्हतं.

अठरा वर्षांपूर्वी तिथे एक मुलगी येऊन उभी राहिली होती — नोलीन. वर, युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात टायपिस्ट. बाकं रिकामी, तरी उभी.

"तुमच्या पाठीमागे काय आहे, माहितेय?"

"बंदर. रोज असतं."

"बघितलंय कधी?"

"चढताना मान वळवायची नाही, नियम आहे. उतरताना सगळं ध्यान ब्रेकवर."

"अरेरे... मग मी सांगते. वारा दक्षिणेचा, पाणी शाईसारखं. लिटल्टनहून आलेली बोट धक्क्याला लागतेय. पलीकडच्या डोंगरांवर बर्फ..."

मग रोजचंच झालं. "आज काय?" तो विचारायचा, ती सांगायची. पण बोगदा आला की ती गप्प. काचेत त्याला दिसायचं — बंदराकडे अर्धवट वळलेली ती डोळे घट्ट मिटून उभी असायची, आणि उजेड आला की एकदम उघडायची. रोजचंच बंदर, पण तिला ते रोज पहिल्यांदा बघायचं असायचं. तीन बोगदे. एर्नीला तिन्ही फार आखूड वाटू लागले.

वर्षभराने एका शुक्रवारी ती म्हणाली, "ऑकलंडला नोकरी लागलीय, सोमवारपासून. म्हणून आज काही सांगणार नाही. वर गेल्यावर तुम्हीच बघा."

वर त्याने ब्रेक लावला, माणसं उतरू दिली, आणि वळला. खाली छपरं, धक्के, आणि मग ते पाणी — एवढं पाणी, एवढा उजेड, की श्वास घ्यायचं राहिलं. मधे ती. केस वाऱ्याने तोंडावर आलेले.

"कसंय?"

"तुम्ही मधे उभ्या आहात."

"सरकू?"

"नको." तो थांबला. "ऑकलंडलाही... नको."

ती हसली. "एवढं बोलायला वर्ष लागलं होय रे तुला?"

आज गाडी तिसऱ्या बोगद्यातून बाहेर आली. वर पोचल्यावर त्याने ब्रेक लावला, माणसं उतरू दिली, आणि वळला. बंदर होतं. त्या दिवशीइतकंच मोठं, या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेडाने भरलेलं. मधे कुणी नव्हतं.

लग्नानंतरही ती कितीदा विचारायची, "चढताना समोर बघून बघून तुला दिसतं तरी काय?"

"रूळ," तो म्हणायचा.

खरं काय दिसायचं, ते सांगायचं राहून गेलं.