उजव्या बुटातला खडा

सात रस्त्यावरच्या मेडिकलमध्ये उत्कर्षा तोंडाला स्कार्फ गुंडाळून उभी होती. सोलापूरच्या दुपारी सगळ्याच मुली असा स्कार्फ बांधतात, त्यामुळे कोणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. पण उत्कर्षाने तो उन्हासाठी बांधलाच नव्हता. तिला क्रेप बँडेज हवं होतं, दुखण्यावरचा स्प्रे हवा होता आणि हे घेताना आपल्याला कोणी ओळखू नये, एवढंच हवं होतं.

"दुखणं कुणाचं हाय?" मागून आवाज आला.

ती वळली. उंच, सडपातळ, उन्हाने रापलेला एक पोरगा. अंगात निळा टी-शर्ट, त्यावर कॉलेजचं नाव... मैदानावरच्या तिच्या वैरिणीचं, ऋतुजाचं कॉलेज! उत्कर्षाने स्कार्फ आणखी वर ओढला.

"आत्याचं," ती म्हणाली.

"आत्या पळती व्हय?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काय न्हाय. आत्या लोक बाम मागतात. स्प्रे मागणारी आत्या आज पयल्यांदा बघितली." आणि तो हसला. मोकळं, छान हसला — आणि तिथंच उत्कर्षाला त्याचा संशय आला.

तिचा तरी काय दोष? तिचे वडील कोंडीबा म्हणजे नातेपुत्याच्या बाजारातले जनावरांचे दलाल. ते म्हणायचे, "पोरी, जो दात दाखवून हसतो, त्याच्या बैलाचे दात आधी बघावेत." हे ऐकतच ती मोठी झाली होती. दूधवाल्यावर, रूममेटवर, वेळेवर आलेल्या एसटीवरसुद्धा तिला संशय यायचा. त्यात सध्या तिच्याजवळ लपवण्यासारखं खूपच काही होतं.

उत्कर्षा दहा हजार मीटर पळायची. विद्यापीठात तिच्या तोडीची एकच मुलगी होती, ती म्हणजे ऋतुजा. पदवीचं शेवटचं वर्ष चालू होतं आणि महिन्याभरावर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीसाठी निवड चाचणी होती. दहा हजार मीटरवाल्या मुलींसाठी जागा एकच. ती मिळाली तर पळणं चालू राहणार होतं, नाही तर गावाकडे दोन स्थळं तोंड वासून बसलेली होतीच. आणि नेमक्या याच वेळी डाव्या नडगीत कळ यायला लागली. सोलापुरात बोभाटा नको म्हणून तिने अकलूजला जाऊन एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "हाडाला बारीक तडा आहे. पळणं बंद. नाही तर एक दिवस पळता पळता मोडेल." उत्कर्षाने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी ती मैदानावर हजर झाली. ना तिच्या प्रशिक्षकांना, धोंडप्पा सरांना सांगितलं, ना घरी.

त्या मेडिकलमधल्या भेटीनंतर चारच दिवसांनी तो पोरगा मैदानावर उगवला. कुंपणाला टेकून उभा. ती त्याच्यासमोरून गेली की तो मान खाली घालून डोळे मिटायचा. लोक पळणाऱ्याकडे बघतात, हा ऐकत होता!

पळणं संपवून ती बाटलीतलं पाणी प्यायला लागली तेव्हा तो जवळ आला.

"नमस्कार. मल्हार. सांगोल्याकडचा." मग आवाज खाली आणून, "स्कार्फ असला तरी डोळे वळखले मी. आत्याचा डावा पाय लई दुखतोय वाटतं."

"कशावरून?"

"तो वाजतच न्हाय. उजवा जोरात पडतोय, डावा भीत भीत."

"तुम्ही ऋतुजाच्या बरोबर पळता ना? तिला वेग धरून द्यायला?" तिने चौकशी करून ठेवली होती, ती काय गप्प बसणारी होती?

"व्हय की," तो म्हणाला. लपवलं तर नाहीच, वर कॉलर सरळ केली.

त्या दिवशी खोलीवर परतताना उत्कर्षाचं डोकं भणभणत होतं. याला ऐकू आलं, म्हणजे उद्या धोंडप्पा सरांनाही ऐकू येणार. सर अक्कलकोटचे, बोलायला कमी पण नजर घारीची. मग तिला बाजारातली एक युक्ती आठवली. लंगडा बैल विकायचा असला की दलाल काय करतो? त्याच्या चांगल्या पायाच्या खुरात खडा घालतो. दोन्ही पाय सारखेच दुखले की बैल सरळ चालतो! शहाण्या माणसाला हे ऐकूनच कसंसं होईल. पण कोंडीबाच्या लेकीने दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या बुटात एक बारका खडा टाकला आणि ती दात-ओठ खाऊन पळाली.

"चाल सुधारली," धोंडप्पा सर म्हणाले. "आता बरोबर पडतायत पाय. छान."

तिला रडू येत होतं, पण ती हसली.

मल्हार संध्याकाळी आला. हातात डबा, डब्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ. "पायावर धरा," म्हणाला. बर्फात काय असणार? तरी उत्कर्षाने वास घेऊन बघितला.

"विष पाण्यात घालतात, बर्फात वितळून वाया जातं," तो गंभीरपणे म्हणाला. मग तिच्या बुटाकडे बघत, "उजव्यात काय घातलंय?"

तिने उजवा पाय चटकन मागे घेतला.

"नातेपुत्याचे कोंडीबा दलाल तुमचेच वडील ना? तुमी विकणारी माणसं," तो हळूच म्हणाला. "आमी मेंढरं, बैलं घेणारी. आमच्या आज्ज्याला असलाच बैल गळ्यात मारला होता एकानं. घरी येऊन खुरातनं खडा निघाला, आन् बैल धाडकन बसला. परत उठला न्हाय."

"कोणाला सांगणार आहेस?" घाबरल्यावर 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, हे तिलाही कळलं नाही.

"कुणाला न्हाय. पण चाचणी सोड, उत्कर्षा."

आलं! शेवटी मनातलं ओठावर आलंच. एक जागा, दोन मुली, आणि ऋतुजाचा हा जोडीदार तिला सांगत होता — चाचणी सोड. बर्फ काय, बोलणं काय, ते मिटलेले डोळे काय... सगळं यासाठी! तिने डबा त्याच्या हातात कोंबला आणि ती निघाली. गेटपाशी मात्र तिने मागं वळून बघितलं. तो तिथंच उभा होता आणि ती बघतेय हे कळताच त्याने डबा उंच करून हलवला. तिला राग आला. रागाच्या बरोबरीने आणखीही काहीतरी आलं, त्याचा तिला जास्त राग आला.

मल्हार मात्र येतच राहिला. रोज संध्याकाळी बर्फ, कधी कागदात बांधलेली शेंगापोळी. चाचणीचा विषय पुन्हा काढायचा नाही, असं जणू त्याने ठरवलं होतं. मेंढरांच्या, आज्ज्याच्या, मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या गोष्टी सांगायचा. त्याचं बोलणं ऐकताना तिची नडगी दुखायची थांबायची, आणि मग तिला वाटायचं, हाच तर डाव नसेल?

शेवटी तिने बापाची दुसरी युक्ती काढली. कोंडीबाला कोणावर संशय आला की ते त्याला एकट्यालाच खोटा भाव सांगायचे आणि तो भाव बाजारात कुठून परत येतो ते बघायचे.

"कोणाला सांगू नकोस हं," ती बर्फ धरता धरता म्हणाली. "मी दहा हजार सोडणार. चाचणीला पाच हजारात उतरणार."

"बरं," मल्हार म्हणाला.

आता ऋतुजा निवांत होणार, तिचा सराव सैलावणार! उत्कर्षा आठवडाभर डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. पण ऋतुजा आपली तशीच, जीव तोडून पळत होती. उलट एकदा समोर आली तेव्हा तिने स्वतःच विचारलं, "दहा हजाराला भेटू ना गं?" तिच्यापर्यंत अवाक्षरही गेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी उत्कर्षाने त्याला गाठलंच. "तू ऋतुजाला सांगितलं का नाहीस?"

"काय? पाच हजाराचं?" तो हसला. "खोटा भाव कोण पुढं नेणार?"

"तुला कळलं होतं?"

"तू खोटं बोलताना लई गोड बोलतीस. एरवी तर वसकतीस." मग तो पायाने माती उकरत राहिला. "मी पण एक खोटं बोललोय. आज्ज्याचा बैल होता, ते खरं. पण तुझा खडा मी बैलावरनं न्हाय ओळखला... मी पण घातला होता. दोन वर्सांमागं, विद्यापीठाच्या स्पर्धेला."

तिला खरं वाटेना. कसं वाटावं? तिने सरळ सांगितलं, "दाखव."

त्याने ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत वर केली. नडगीवर लांबलचक व्रण होता. त्याच शर्यतीत हाड मोडलं होतं, आत सळई होती, तो म्हणाला. दुसऱ्याला वेग धरून देण्यापुरता तो पळू शकत होता, शर्यत मात्र आता त्याच्या नशिबात नव्हती. उत्कर्षा वाकून तो व्रण निरखून बघायला लागली.

"आता दातपण मोजणार का?" त्याने विचारलं.

तिने हसू दाबलं, पण डोळ्यांत पाणी आलं ते काही दाबता आलं नाही. "मग अडव ना मला," ती म्हणाली. "सरांना सांग."

"न्हाय सांगणार. मला त्या दिवशी कुणी अडवलं असतं तर मी त्याचं तोंड बघितलं नसतं जन्मात. पाय तुझा हाय. काय करायचं ते तूच ठरव."

चाचणीच्या दिवशी सकाळी मैदानावर गार वारा होता. आखणीचा चुना नुकताच ओढलेला. उत्कर्षाने बूट घातले, उजव्यात खडा होताच. पलीकडे मल्हार ऋतुजाची पाण्याची बाटली धरून उभा होता. बघ, शेवटी तिकडचाच! तिने मुद्दाम त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्याने मान हलवली नाही, हात केला नाही. अडवायला कोणी येत नव्हतं, फसवायलाही कोणी येत नव्हतं. संशय घ्यायला मैदानावर दुसरं कोणी उरलंच नाही, तेव्हा उत्कर्षाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचाच संशय घेतला. हा लंगडा माल इथं गोड बोलून खपवायला कोण निघालंय? मीच की!

ती सरळ धोंडप्पा सरांकडे गेली. निवड समितीची माणसं शेजारीच उभी होती. ती मोठ्याने म्हणाली, "सर, माझ्या हाडाला तडा आहे. महिना झाला. मी लपवलं. मी पळणार नाही."

सरांनी तिच्याकडे बघितलं, मग पायाकडे. "काय पोरगी हाय की!" एवढंच म्हणाले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला सावलीत बसवलं. उत्कर्षाने बूट काढले आणि ती ओंजळीत तोंड लपवून पोटभर रडली. समोर ऋतुजा पळत होती. ती जिंकली. जागा तिची झाली.

दुपारी तिने घरी फोन करून सगळं सांगितलं. कोंडीबा म्हणाले, "भर बाजारात आपल्याच मालाची खोट सांगितलीस?"

"व्हय, अण्णा. एम.ए.ला नाव घालते. पाय बरा करते, पुढच्या भरतीला परत उतरते. स्थळांना सांगा, माझ्यासाठी थांबू नका म्हणून."

"स्थळांचं सोड," बाप म्हणाला. "आमच्या धंद्यात असं कुणी केलं न्हाय, बघ. पण इथनं पुढं तुझ्या शब्दाला कुणी घासाघीस करायचं न्हाय."

पाय प्लॅस्टरमध्ये गेला, तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कुबडी घेऊन मैदानावर आली. मल्हार येतो का, हेच तिला बघायचं होतं. ऋतुजाचं काम झालं होतं. आता त्याला इथं यायचं काहीच कारण नव्हतं, आणि संशयी माणसाला अशी वेळ फार आवडते.

पण तो आला. डबा घेऊनच आला.

"प्लॅस्टरवर बर्फ कशाला?" ती म्हणाली.

"सवय लागली." तो शेजारी बसला.

तिने कुबडी बाजूला ठेवली. मग रात्रभर मनात घोळत असलेला प्रश्न तिने विचारला. "खरं सांग. काल पळाले असते... तर जिंकले असते का?"

कोणीही काय उत्तर दिलं असतं, ते तिला ठाऊक होतं. छे गं, हरलीच असतीस. झालं ते बरंच झालं. असं म्हणून हात हातात घेता आला असता. विकणाऱ्याने तेच केलं असतं.

मल्हारने डबा खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता.

"जिंकली असतीस," तो म्हणाला. "ऋतुजा शेवटच्या फेऱ्यांत पार दमली होती. पाय टिकला असता का ते मला न्हाय माहीत. मोडला असता कदाचित. कदाचित मोडलापण नसता. पण टिकला असता तर... जागा तुझी होती."

उत्कर्षाच्या काळजात कळ उठली. नडगीतल्या कळेपेक्षा ती कितीतरी मोठी होती. तिला ओरडावंसं वाटलं, डबा भिरकावून द्यावासा वाटला. तिने तसं काहीच केलं नाही. या माणसाला आत्ता खोटं बोलून सगळं मिळत होतं आणि तरी तो खरं बोलला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. शोधूनही तिला त्याच्यात काही खोट सापडेना.

"आता जाऊ का मी?" त्याने पडेल आवाजात विचारलं. "तू म्हणशील तर —"

"बस खाली," ती वसकली. मग डोळे पुसत पुसत म्हणाली, "मला तू आवडतोस, मल्हार. लई आवडतोस."

तो चपापला. मग हळूच म्हणाला, "खरं?"

"व्हय," उत्कर्षा म्हणाली, "आता तू संशय घे!" आणि तिने त्याचा हात घट्ट धरला.