एकेरी झडप

पानगळ सुरू झाली की माझा फोन थांबत नाही. बाहेर गारठा पडायला लागतो आणि उंदीर, झुरळं, मुंग्या, सगळ्यांना एकदम तुमच्या घराची आठवण येते. त्यांना बाहेर ठेवणं हा माझा धंदा. विष घालणारे पुष्कळ आहेत, मी भोकं बुजवतो. उभा जन्म लोकांच्या सिंकखाली डोकं घालून काढलाय, त्यामुळे मला सहसा कशाची भीती वाटत नाही. किळस तर नाहीच. पण तू विचारलंस म्हणून सांगतो, एका घरात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही, आणि ते घर माझ्या सख्ख्या बहिणीचं होतं.

ताईने दुपारी फोन केला. घरात काहीतरी शिरलंय, येऊन बघून जा, एवढंच म्हणाली. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, तेव्हा तिने बोलावलं की मी हातातलं काम टाकून जातो. भावोजी जहाजावर असतात. ते थंडी सरल्यावर परतणार होते. तोपर्यंत ताई आणि तिचं तान्हं बाळ, अशी दोघंच त्या भाड्याच्या घरात राहत होती. घर रस्त्याच्या अगदी टोकाला होतं. पलीकडे नुसतं वाळलेलं गवत.

मी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दारात वाऱ्याने पानांचा ढीग लावून ठेवला होता. आत शिरल्या शिरल्या मी नेहमीप्रमाणे नाक वर करून वास घेतला. उंदरांचा वास मी झोपेतही ओळखीन. इथे तो नव्हता. इथे वास होता लोकरीचा, आणि अंगाच्या उबेचा. कुणीतरी नुकतंच अंथरुणातून उठून गेल्यावर येतो ना, तसा.

"रात्रभर भिंतीतून काहीतरी फिरतं," ताई म्हणाली. बोलताना तिने आवाज खाली आणला होता. मला वाटलं, बाळ झोपलंय म्हणून.

भाचेराव पाळण्यात पडून छताकडे बघत होते. दिवसभर कोकलून घसा बसलेला. ताईच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी तिला म्हटलं, तू जरा पड, उंदीर काय मला नवे आहेत का.

बॅटरी घेऊन मी कामाला लागलो. सिंकखालचा पाइप जिथे भिंतीत शिरतो ती जागा, शेगडीमागचा कोपरा, दाराच्या चौकटीखालची फट. उंदीर कुठून येतो हे मला त्याच्या आधी कळतं. आणि प्रत्येक ठिकाणी मी बघत राहिलो, कारण प्रत्येक भोक आधीच बुजवलेलं होतं. करड्या रंगाचा घट्ट बोळा, लोकर आणि चुना मळून केलेला. काम इतकं नीटनेटकं होतं की मला थोडा हेवाच वाटला.

मी ताईला म्हटलं, तू तर माझ्या पोटावर पाय द्यायला निघालीस. ती म्हणाली, मी नाही बाई, मला वाटलं घरमालकाने करून घेतलं असेल.

सिंकखालचा एक बोळा मी उपसून काढला. आमच्याकडची बाजू ओबडधोबड होती. आतली, म्हणजे भिंतीकडची बाजू गुळगुळीत होती आणि त्यावर अंगठ्याचा ठसा होता. बोळ्यात एक निळा धागा होता. बाळाचं निळं टोपरं आठवडाभर सापडत नाही, असं ताई मघाशीच म्हणाली होती.

भोक आतून बुजवलं होतं. भिंतीतून.

मी ते ताईला सांगितलं नाही. तिला तिथे दिवस काढायचे होते. मी माझं नेहमीचं काम केलं. आमची पद्धत सोपी आहे. सगळी भोकं बंद करायची आणि एकच वाट मोकळी ठेवायची. त्या वाटेला एकेरी झडप लावायची, आतून ढकलली की उघडते, बाहेरून उघडत नाही. आत जे काही असेल ते अन्नपाण्यासाठी बाहेर पडतं, आणि मग त्याला परत येता येत नाही. पाप नाही, घाण नाही. फक्त एक गोष्ट सांभाळायची. आत पिल्लं राहिलेली नाहीत ना, हे आधी बघायचं. पिल्लू आत राहिलं आणि आई बाहेर अडकली, तर ती भिंत फोडायला कमी करत नाही. म्हणून तर आम्ही हे काम पानगळीत करतो. तोवर पिल्लं हिंडती-फिरती झालेली असतात.

मागच्या भिंतीत, अगदी जमिनीलगत, एक मोठा झरोका होता, तेवढाच काय तो मोकळा. तिथे मी झडप बसवली आणि खाली पावडर पसरली, कोण बाहेर पडलं ते कळावं म्हणून. अंधार पडला तसा मी ताईकडेच मुक्काम ठोकला.

रात्री मलाही ते ऐकू आलं. पण ती उंदराची पळापळ नव्हती. सावकाश, थांबत थांबत, खिडकीपाशी, मग दारापाशी. मधेच काहीतरी चेपल्याचा ओलसर आवाज. मला तो आवाज ओळखीचा वाटत होता आणि कुठला ते आठवत नव्हतं. सकाळी पावडर जशीच्या तशी होती.

खिडक्या मात्र उघडेनात. गारठ्याने लाकूड फुगतं, असं मी ताईला ठोकून दिलं. पुढचं दारही हलेना. चौकटीच्या फटीत बोट फिरवलं तर बोटाला करडी लोकर लागली. फक्त मागचं दार अलगद उघडत होतं. त्याच वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी खिडकीशी झटापट करायला पहार आणावी म्हणून मागच्या दाराने गाडीकडे गेलो. बाळाला नुकती झोप लागली होती, म्हणून ताई बादली घेऊन दुपटी वाळत घालायला माझ्या पाठोपाठ बाहेर आली.

दार लागलं. वाऱ्याने आपटलं नाही. कुणीतरी हळूच लोटावं तसं लागलं.

ताईने कडी ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. मी खांदा लावला, पण दार भिंतीसारखं घट्ट. रात्री जो आवाज मला ओळखीचा वाटला होता तो तेव्हा आठवला. फटीत बोळा भरून अंगठ्याने दाबतात, त्याचा आवाज होता तो. मी रोज करतो.

"बाळ आत आहे," ताई म्हणाली.

मी पहारेने खिडकीची काच फोडली. काचेच्या मागे खोली दिसली नाही. करडी लोकर होती, काठोकाठ, घट्ट बसवलेली. पहार तिच्यात रुतायची आणि परत यायची. दुसरी खिडकी फोडली, तिथेही तेच. ताई दाराला नखं घासत होती, वरपासून खालपर्यंत, आणि तो आवाज ऐकून मला भडभडून आलं. असा आवाज मी अनेक घरांत ऐकलाय. झडप लावल्यानंतर, बाहेरून.

मग ती एकाएकी थांबली. भिंतीला कान लावून उभी राहिली.

"तो रडत नाहीये…"

मीही तिच्या शेजारी भिंतीला कान लावला.

"तू नेहमी सांगतोस ना," ती हळूच म्हणाली, "पिल्लू आत राहिलं तर आई काय करते?"

"भिंत फोडते."

"मग सांग त्यांना…"

मी कुणाला सांगणार होतो? ताईनेच ओठ भिंतीला टेकवले. बाळाला झोपवताना बोलते त्याच आवाजात ती म्हणाली, "आम्ही जातो. परत येणार नाही. माझं मूल तेवढं द्या."

भिंतीतून काहीतरी निघालं. दारापासून कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यावरून मागे. आम्ही बाहेरून त्याच्याबरोबर चालत गेलो. झरोक्यापाशी ते थांबलं. मग मी लावलेली झडप आतून उचलली गेली आणि करड्या लोकरीचं एक घरटं सरकत बाहेर आलं. त्यात भाचेराव गाढ झोपले होते. डोक्याला निळं टोपरं. कानावरून नीट ओढून बांधलेलं.

ताईने त्याला उचललं आणि ती मटकन खाली बसली. आता तिला रडू फुटलं. मलाही. आमचं आम्हाला सावरायला बराच वेळ लागला. मी मान वर केली तेव्हा झरोक्यात झडप दिसत नव्हती. तिथे करडा बोळा होता.

निघण्याआधी मी घरटं बाजूला करायला गेलो. धंद्याची सवय, घरटं दिसलं की तपासायचं. त्यात दोन खळगे होते, शेजारी शेजारी, सारख्याच मापाचे. दोन्हींत हात घालून बघितला. दोन्ही ऊबदार होते.

ताई तेव्हापासून माझ्याकडेच आहे. सामान आणायला घरमालक गेला, तेव्हा म्हणे दारं-खिडक्या सहज उघडल्या. फुटलेल्या काचांबद्दल तेवढा तो माझ्यावर डाफरला. खळग्यांचं मी ताईला सांगितलेलं नाही. ती सुखात आहे. बाळ आता अजिबात रडत नाही, शहाणं झालंय, म्हणते. रात्री जाग आली तर भिंतीकडे तोंड करून पडून राहतं.

माझ्या घरात एकही भोक नाही, असं मी आजवर छातीठोकपणे सांगायचो. आज सकाळी भाचेराव सतरंजीवर पालथे पडले होते. त्यांची बाहुली उचलायला वाकलो, तेव्हा भिंतीच्या तळाशी एक बारीकसं भोक दिसलं. ते बुजवलेलं होतं. बोळ्यात ताईच्या शालीची लोकर होती. मी तो काढून उलटसुलट बघितला. या वेळी भिंतीकडची बाजू ओबडधोबड होती. ठसा आमच्या बाजूला होता, माझ्या करंगळीच्या नखाखाली झाकला जाईल एवढा.

मी तो बोळा होता तसा परत लावून टाकला. तो पुरता बसेपर्यंत भाचेराव माझ्या हाताकडे टक लावून बघत होते.