ब्लाउजपिसांचा मांडव

तोलाजीने एकच कापडी पिशवी पाच मिनिटांत दोनदा तोलली आणि दोन वेगळे आकडे सांगितले. आधी म्हणाला, "शंभर भार." मग म्हणाला, "एक भार."

कृत्तिकाने पिशवी उलटी करून झटकली. आत काहीच नव्हतं. पिशवी तीच, तिच्यावर कृत्तिकाने रंगवलेली चिमणीही तीच.

"तोलाजी, तू बिघडलायस."

"माझी तपासणी कालच झाली," तोलाजी शांतपणे म्हणाला. "आपली कधी झाली होती?"

तोलाजी हा यंत्रमानव. बुटका, डोक्यावर परातीसारखी चकती, आणि एक चाक जरा रुसलेलं. चकतीवर वस्तू ठेवली की पोटावर आकडा उमटायचा. तो नूपुर आत्याच्या कामावरचा. आत्या गावाबाहेरची जुनी कचऱ्याची टेकडी खणून काढायची, त्यातलं उपयोगी निवडायची आणि खालची जमीन पुन्हा मोकळी करायची. गेल्या वर्षी तिला टेकडीच्या पोटात एक थर्माकोलचं हृदय सापडलं. मधोमध बाण, आणि चकचकीत अक्षरांत तिच्याच आईवडिलांची नावं, त्यांच्या लग्नातली!

"बघा, रंग जरासुद्धा उडाला नाही," माई, म्हणजे कृत्तिकाची आजी, कौतुकाने म्हणाली होती.

आत्या हसली नव्हती. आता तिचंच लग्न ठरलं तेव्हा तिने सांगून टाकलं, "माझ्या लग्नातली एकही वस्तू त्या टेकडीवर जाता कामा नये. जमत नसेल तर मांडव नको, मंगलाष्टकं नकोत. मी कचेरीत सही करून मोकळी होते."

माईने जेवणाचं ताट दूर सारलं. लेकीच्या लग्नाची स्वप्नं ती लेक रांगत होती तेव्हापासून बघत होती. आणि कृत्तिकाला तर करवली व्हायचं होतं. म्हणून ती घाईघाईने म्हणाली, "मी करते सगळं! मांडवही होईल आणि टेकडीवरही काही जाणार नाही."

"शनिवारी संध्याकाळी दाखव," आत्या म्हणाली, आणि तोलाजीला घरी सोडून गेली.

आज तोच शनिवार होता.

कृत्तिकाला वाटलं होतं, सोपं आहे. प्लास्टिक वाईट, कापड चांगलं, पान चांगलं, झालं! पण सकाळपासून तोलाजीने तिचा पार भुगा केला होता. तिने ज्यूटच्या फुलांचा नमुना ठेवला, तर तो म्हणाला, "फार लांबून आलं आहे आणि एका दिवसासाठी आलं आहे." मक्यापासून केलेलं ताट ठेवलं. त्यावर हिरवं पान छापलं होतं आणि 'जैवविघटनशील' (जीवजंतू ज्याचा हळूहळू फडशा पाडतात असं) लिहिलं होतं. तोलाजी म्हणाला, "हे कुजायला मोठ्या खतभट्टीची कडक उष्णता लागते. आपल्या गावात खतभट्टी आहे?"

"नाही."

"मग टेकडीवर ते बराच काळ ताटच राहील."

"बरं, साधी पळसाची पत्रावळ?"

"ती कुठे टाकणार? कचऱ्याच्या ढिगाखाली दबली तर तिला हवा मिळत नाही, आणि मिथेन (हवेवाचून कुजताना निघणारा, पृथ्वीला तापवणारा वायू) तयार होतो. शेणखताच्या खड्ड्यात उलटसुलट केली तर ती चांगली."

"अरे, मग चांगलं म्हणजे नक्की काय!"

"ते अवलंबून आहे," तोलाजी म्हणाला. हे वाक्य त्याने सकाळपासून इतक्यांदा म्हटलं होतं, की माईही आता त्याला वेडावून दाखवायला लागली होती.

आणि त्यात ही पिशवी. पाहुण्यांना परतभेट म्हणून द्यायची, कृत्तिकाची लाडकी योजना. आधी शंभर, मग एक. ती जमिनीवर फतकल मारून बसली.

"तोलाजी, दोन्ही आकडे खरे आहेत?"

"दोन्ही."

"मधल्या वेळात काय बदललं?"

"हा पहिला चांगला प्रश्न," तोलाजी म्हणाला. "आठवून बघा."

कृत्तिकाने आठवलं. मधल्या वेळात फक्त माई आली होती. तिने पिशवी उचलली आणि म्हणाली, 'अगंबाई, किती गोड चिमणी! मी रोज भाजीला हीच नेणार.' एवढंच.

"माईच्या बोलण्याने वजन कमी झालं?"

"मी वस्तूचं वजन करत नाही, तिच्या आयुष्याचं करतो. याला जीवनचक्र मूल्यमापन (वस्तू जन्मल्यापासून मातीला मिळेपर्यंत पृथ्वीला पडणाऱ्या खर्चाचा हिशेब) म्हणतात. कापसाला पाणी लागलं, सूत कातायला वीज, रंगवायला रसायनं, गाडीला इंधन. सगळं मिळून या पिशवीचे झाले शंभर भार. आता, पिशवी करते काय?"

"सामान नेते."

"किती वेळा?"

कृत्तिका थांबली. "लग्नात एकदाच वापरली, तर ते शंभर भार एकाच खेपेवर पडले! आणि माईने शंभरदा भाजी आणली, तर एका खेपेवर एकच भार!"

"म्हणून पिशवी चांगली की वाईट हे पिशवीला माहीत नसतं," तोलाजी म्हणाला. "तिला वापरणाऱ्याला माहीत असतं."

"मग सगळ्या पाहुण्यांना पिशव्या देऊ!"

माईने उठून स्वयंपाकघराचं दार जरा पुढे ओढलं. दाराच्या मागे खिळ्याला एक फुगलेली पिशवी लटकत होती, आणि तिच्यात नुसत्या पिशव्या होत्या. अमक्याच्या मुंजीची, तमक्याच्या साठीशांतीची, दुकानाच्या उद्घाटनाची.

"प्रत्येक घरात अशी एक आहे, बाळा," माई म्हणाली. "तुझी चिमणी बिचारी यात गुदमरेल."

तोलाजीच्या पोटावरचा आकडा सरसर वर गेला. कृत्तिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. खिडकीबाहेर उन्हं कलली होती, आणि दाखवायला तिच्याजवळ काहीही नव्हतं.

"निदान ओटी तरी नीट भरू दे मला," माई पुटपुटत कपाटाकडे गेली. तिने ब्लाउजपिसांचा गठ्ठा काढला. पाहुण्या बाईची ओटी भरताना नारळ-तांदळासोबत ब्लाउजपीस द्यायचा रिवाज.

कृत्तिका एकदम ताठ झाली. "माई! हे विकत कुठे आणतेस तू? हे तुला जोशीकाकूंनी दिलेलं, तू ते परटवणेकाकूंना देणार, त्या आणखी कुणाला. तोलाजी, हे तर शंभरदा वापरलेलं आहे! हाच आपला विजेता!"

तिने एक जांभळं ब्लाउजपीस चकतीवर ठेवलं. त्याच्या घडीची रेघ इस्त्रीनेही गेली नसती, इतकी जुनी.

"वापर शून्य," तोलाजी म्हणाला.

"शून्य? अरे, सगळी गल्ली फिरलंय ते!"

"फिरणं म्हणजे वापर नव्हे. या कापडाचं काम अंग झाकायचं. ते कुणी शिवलं का?"

माई खुदकन हसली. "कोण शिवतंय! रंग कुठल्याच साडीला जात नाही. हे मीच जोशीकाकूंना दिलं होतं. फिरून माझ्याकडेच आलं."

कृत्तिका गठ्ठ्याकडे बघत राहिली. गल्लीतल्या प्रत्येक कपाटात असा गठ्ठा असणार. पाणी, वीज, रंग, सगळा खर्च कधीच होऊन गेलेला, आणि काम मात्र अजून एकदाही नाही. नवीन काही जन्माला घालायचीच गरज नव्हती.

"माई, गोधडीसारखं एकमेकांना जोडलं, तर केवढं मोठं होईल हे?"

माईने गठ्ठ्यावर हात फिरवला. मग चपला शोधायला लागली. "चल. आधी जोशीकाकू."

दोघी गल्लीभर फिरल्या. बायकांनी आनंदाने कपाटं मोकळी केली. "घेऊन जा बाई," परटवणेकाकू म्हणाल्या, "आणि कृपा करून मला परत ओटीत घालू नका!"

आत्या आली तेव्हा अंगणात दोरीवर टाचण्यांनी जोडलेलं एक रंगीबेरंगी छत हलत होतं. जांभळं, मोरपंखी, पोपटी, आणि एक असा रंग ज्याला कुणीच नाव देऊ शकलं नसतं. कृत्तिका एका दमात बोलत सुटली. हा मांडव. जेवण शाळेच्या स्टीलच्या ताटांत. परतभेट म्हणून डिंकाचे लाडू, पळसाच्या पानात. लाडू पोटात आणि पान खतखड्ड्यात.

आत्याने सगळं ऐकलं. एक टोक हातात धरून ती म्हणाली, "सुंदर आहे. पण कृतू, दुसऱ्या दिवशी याचं काय? टेकडीवर मला सुंदर गोष्टीच जास्त सापडतात."

दुसरा दिवस कृत्तिकाच्या डोक्यातच आला नव्हता. तोलाजीच्या पोटावरचा आकडा स्थिर होता, आणि लहान नव्हता.

"तोलाजी, सांग ना काही!"

"वापरणाऱ्यांना विचारा."

तेवढ्यात कुंपणापलीकडून जोशीकाकूंचा आवाज आला. "कृत्तिके, मगाशी विचारायचं राहिलं! दिवाळीनंतर आमच्या यशोधनची मुंज आहे. हा मांडव देशील ना गं?"

आकडा अर्धा झाला.

"आणि आमच्याकडे बारसं आहे!" परटवणेकाकू ओरडल्या. आकडा आणखी खाली आला.

कृत्तिका कधी आकड्याकडे, कधी कुंपणाकडे बघत होती. "पण मग खरा आकडा कुठला? हा सारखा बदलतोय!"

"शेवटचा समारंभ झाल्यावर सांगता येईल," तोलाजी म्हणाला. "तो अजून कुणी ठरवलेला नाही."

"म्हणजे मी मोठी होईपर्यंतसुद्धा…"

"ते अवलंबून आहे."

आत्या त्या बिननावाच्या रंगाखाली जाऊन उभी राहिली. मावळतीचं ऊन कापडातून झिरपून तिच्या कपाळावर पडलं होतं. माई पदराचं टोक पिळत उभी.

"आई," आत्या म्हणाली, "मुंडावळ्या ताज्या फुलांच्या कर हं. आणि हे टाचण्यांवर टिकायचं नाही. सुया किती आहेत घरात?"