दुसऱ्या बाजूचा हात

त्या दिवशी मी घरून निघाले ती नुसता मासळीचा सरस आणायला. औषधाच्या दुकानातून पुडी घेतली, वाटेत नोर्माला हाक मारली आणि आम्ही दोघी चढ चढून बंधुमंडळाच्या प्रार्थनाघरात आलो. नोर्मा माझी नणंद. तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, जाऊन एकवीस वर्षं झाली. पण फाटलेली चित्रं आम्ही दोघी तो होता तेव्हापासून सांधतोय. हे कुठे शिकलीस म्हणून विचारशील, तर कुठेच नाही. मी धान्याची पोती रफू करायचे. पोतं काय आणि चित्र काय, आत उभा-आडवा धागाच असतो. पेरुजा शहरातल्या, चित्रं सांधायची पदवी घेतलेल्या पोरींना हे सांगितलं की त्या हसतात. हसू देत. अडलं की माझ्याच दाराशी येतात.

बंधुमंडळाचं निशाण तिथे लाकडी चौकटीत उभं होतं. बेवारस प्रेतं पुरणाऱ्यांचं हे मंडळ, चारशे वर्षांचं. निशाण मिरवणुकीत न्यायचं, म्हणून दोन्ही बाजूंनी रंगवलेलं: पुढून झगा पसरून उभी येशूची आई मारिया, मागून बुरखे घातलेले मंडळाचे बंधू. मागची बाजू मात्र साठ वर्षांत कुणी पाहिली नव्हती. तिच्यावर जाड कापड चिकटवलेलं होतं.

"दोन तोंडांच्या चित्राला अस्तर लावणारा गाढव कोण?" मी मंडळाच्या म्हाताऱ्या मुख्याला, सेत्तीमिओला, विचारलं होतं.

"माझा बाप. सुतार होता तो, गाढव नव्हता. राहू दे ते, आर्जिया."

"भेटलास की त्याला माझा सलाम सांग," म्हणाले, आणि नऊ दिवसांत ते अस्तर बोट-बोट करून काढलं.

अस्तराखाली अकरा बंधू गुडघे टेकून बसलेले. काळे बुरखे, डोळ्यांना भोकं. मधल्यानं उजवा तळवा पुढे केलेला, भिक्षा मागावी तसा. निशाण फाटलं होतं ते नेमकं त्या तळव्यातून. पुढून बघशील तर तीच फट मारियाच्या झग्यातून गेलेली.

असं चित्र सांधायला दोन बाजूंना दोन माणसं लागतात. मी पुढे, भिंग आणि वाकडी सुई घेऊन. नोर्मा मागे, टिपकागदात गुंडाळलेलं बूच फटीवर धरून, म्हणजे धागा ओढला की कापड लवत नाही. मध्ये निशाण. एकमेकींचं तोंड दिसत नाही. चौकटीवर एक टिचकी मारली की धर. दोन मारल्या की सोड. इतकंच आमचं बोलणं, तीस वर्षं.

उद्या मृतांच्या दिवसाची मिरवणूक. आज सांधलं नाही तर निशाण पेरुजाला जाणार होतं. माझे डोळे विझत चालले होते. हे माझं शेवटचं काम, आणि ते मला कुणाच्या हातात द्यायचं नव्हतं.

दुपारचे तीन वाजले होते. गाव जेवून झोपलेलं. खिडकीबाहेर धुकं. आत ओल्या लोकरीचा, मेणाचा आणि सरसाचा वास. सुई कापडातून जाताना बारीकसा आवाज यायचा, तेवढाच.

"वहिनी, बूच पडलं."

"उचल मग."

"सापडत नाही... इकडे अंधार आहे."

"भर दुपारी अंधार? नुसता तळवा लाव. सोळा धागे राहिलेत."

तिनं तळवा लावला. कापडाला आधार आला. मी सुई घातली.

"वहिनी... हा हात गार आहे."

"तुझाच आहे तो."

"माझा नाही म्हणत मी."

"अगं, पुरुषाचा हात हातात येऊन तुला किती वर्षं झाली? धर की मग!"

असल्या बोलण्यावर ती हटकून हसायची. या वेळी हसली नाही.

"त्यानं बोटं मिटली, वहिनी..."

"नऊ राहिलेत."

"सोड मला."

मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि तरी आणखी चार धागे घातले. कुणाला सांगितलं नाही ते हे.

पाचव्याला सुई जाईना. मी चौकटीवर दोन टिचक्या मारल्या. सोड. आधार सुटला नाही. उलट कापड माझ्याकडे आलं. मारियाच्या झग्यात चार बोटांची पेरं उमटली आणि तशीच राहिली.

मी धावत मागे गेले. नोर्मा चवड्यांवर उभी, तळवा त्या रंगवलेल्या तळव्यावर टेकलेला. चित्रातलं काही हललं नव्हतं. सरस नव्हता, काही नव्हतं. तिचा दंड धरून ओढलं, हात निघेना. तिचं तोंड उघडं होतं, आवाज येत नव्हता.

पुढे आले. बारीक पातं घेतलं आणि माझं सोळा दिवसांचं रफू एका फटक्यात उभं कापलं. कुणी दम आत घ्यावा तसा आवाज झाला. मागे नोर्मा धप्पकन खाली बसली.

हात पिठासारखा पांढरा. बोटातली अंगठी नव्हती, नुसता तिचा वळ होता.

रात्रभर मी तिच्याजवळ माझ्या घरी. त्या हातानं तिला चमचा धरवेना. सकाळी सेत्तीमिओला म्हणाले, "हरले मी. पाठव ते पेरुजाला." त्यानं मला प्रार्थनाघरात नेलं. फट सांधलेली होती. धागे डाव्या पिळाचे, मी वापरत नाही तसले, पण गाठ माझी, पोत्यासाठी मीच काढलेली. नोर्माशिवाय ती मी कुणाला शिकवली नाही.

सेत्तीमिओ मागे जाऊन आला.

"तळवा?" मी विचारलं.

"मिटलाय."

मिरवणूक झाली, त्याच संध्याकाळी त्यानं कापडाची गुंडाळी आणली आणि मी सरस गरम केला. दोन तोंडांच्या चित्राला अस्तर लावताना चौकट धरून उभी होते ती मीच.

आता नोर्मा माझ्याकडेच असते. हात मांडीवर पडून असतो, टाचणी टोचली तरी कळत नाही. जेवण झालं की खुर्चीत तिचा डोळा लागतो. मग तीनच्या सुमाराला तो हात एकटाच उठतो आणि खुर्चीच्या लाकडावर टिचकी मारतो.

एकच. धर. आणि थांबून राहतो.