पाचवा संगणक

ती २०४३ सालची खंडेनवमी. मिरजेच्या शिंत्र्यांच्या घरी देवघरासमोर हत्यारं मांडली होती आणि नंदकुमार शिंत्रे त्यांना डाव्या हाताने हळदकुंकू लावत होते. उजवा हात आदल्या वर्षी अर्धांगाच्या झटक्यात गेला होता. वाचाही गेली होती. पाणी हवं असलं की तोंडातून "बा... बुआ..." असं काहीतरी निघे.

तरी त्या घरात नंदकुमार दिवसभर बोलत. जरा जास्तच बोलत, असं त्यांची बायको शैलजा म्हणे.

ही करामत त्यांच्या मुलीची. मृणालने जुने संगणक गोळा करून तारांनी जोडले आणि त्यांचं एक घरजाळं तयार केलं. वडिलांचे तुटके उच्चार, हाताची खूण, नजर कुठे वळली, हे सगळं ते संगणक मिळून टिपत आणि त्याचा अर्थ लावत. "बा... बुआ" झालं की स्पीकर म्हणे, "शैला, पाणी दे गं." हे शिकायला यंत्रांना वर्ष लागलं. पण शिकलेलं मृणालने कुठे साठवून ठेवलं नव्हतं. साठवलेलं चोरता येतं, विकता येतं. ते फक्त चालू यंत्रांमध्ये फिरत राहायचं. त्याला ती चालती स्मृती म्हणे.

"आणि सगळे एकदम बंद पडले तर?" शैलजाने विचारलं होतं.

"तर बाबा पुन्हा मुके. एक तरी संगणक जागा ठेव, आई."

म्हणून शैलजाने तीनच संगणक बंद करून पूजेला मांडले. तारा जिथे एकत्र येत ती जोडपेटीही मांडली. स्वयंपाकघरातला संगणक मात्र चालू ठेवला. भिंतीपलीकडच्या रूथबाई गायकवाडांनाही तिने हाक मारली, "तुमचाही द्या हो, माळ घालते!"

"माझा कसला दमतोय? दिवसभर पत्ते तर खेळतो," रूथबाई हसल्या. "राहू दे चालू."

शैलजा फुलं आणायला गेली. नंदकुमारांनी जन्मभर लेथचा कारखाना चालवला होता. या दिवशी तिथली लहानशी कानससुद्धा पूजेवाचून राहिलेली त्यांना खपत नसे. आणि एक संगणक का जागा ठेवायचा, हे त्यांना सांगायचं दोघींनाही सुचलं नव्हतं. यंत्रांबद्दलचं बोलणं हल्ली त्यांना वगळूनच होई. भिंतीला धरत ते स्वयंपाकघरात गेले, पडद्यावर कुंकवाचं बोट टेकवलं.

"तूही दमलास. घे विसावा," स्पीकर त्यांच्या मनातलं बोलला. त्यांनी बटण दाबलं.

शैलजाचा फोन जाताच कोल्हापूरहून मृणाल दुपारी धावत आली. एकेक संगणक चालू करून पाहिला. चारही एकच म्हणाले, "आवाज नवा आहे. ओळख करून द्या."

"पुन्हा शिकव की त्यांना," शैलजा म्हणाली.

"वर्ष लागेल. आणि झटक्यानंतरची उमेद बाबांकडे आता कुठून येणार?"

नंदकुमारांना सगळं समजलं. ते उठून परसात जाऊन बसले आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटत राहिले. शैलजा जवळ गेली तर त्यांनी मान फिरवली.

तेवढ्यात रूथबाई दारात उभ्या. हात पिठाचे.

"शैला, तुझा नवरा माझ्या स्वयंपाकघरात बडबडतोय, आणि तुम्ही मायलेकी इथे तोंडं पाडून काय बसलात?"

मृणाल ताडकन उठली. घरजाळं सुरुवातीला फार संथ चालायचं, म्हणून तिने भिंतीवरून एक तार रूथबाईंच्या संगणकाला नेली होती. त्याचा रिकामा वेळ उसना घेतला होता. नंतर सगळेच ते विसरले. रूथबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी याच परसात उघडत होती, आणि नंदकुमारांचं पुटपुटणं तिथल्या चालू संगणकाने टिपलं होतं.

"काय म्हणतायत?" शैलजाने विचारलं.

"आधी म्हणाले, माझ्या हाताने मीच घालवलं. मग म्हणाले, शैला वर्षभर माझं ऐकते, तिचं ऐकायला मी कधी बसलो?"

"आणि पुढे?"

"पुढचं नवरा-बायकोचं होतं. मी मिक्सर लावला."

रडता रडता शैलजाला हसू फुटलं. तिने रूथबाईंचे पिठाचे हात तसेच कपाळाला लावले. मृणालने माळेखालून जोडपेटी काढली, तारा खोचल्या. पाचव्या संगणकातली स्मृती हळूहळू चौघांत उतरू लागली. परसात नंदकुमार काहीतरी पुटपुटले, आणि घरातला स्पीकर स्पष्ट म्हणाला, "बस इथे. आता तू बोल."

दिवेलागणीपर्यंत शैलजा बोलत होती.

त्यानंतर दर खंडेनवमीला पहिली माळ भिंतीपलीकडे जाऊ लागली, तीही चालू संगणकाला. मृणाल आता इतरांच्या घरी अशी जाळी बसवते. आधी आजाऱ्याला सगळं समजावते, मग विचारते, "शेजारी कोण आहे?" रूथबाईंनी ऐंशी ओलांडली. मुलाने पाठवलेला नवा संगणक त्यांनी खोक्यातून काढलेला नाही. जुन्यावरच पत्ते खेळतात आणि हरल्या की त्याला शिव्या देतात.

नंदकुमार आणखी चार वर्षं जगले, बोलत जगले. ते गेले, पण चालती स्मृती अजून पाचही यंत्रांत फिरते आहे. शैलजा संध्याकाळी परसात बसते. कधी वाऱ्याने पत्रा वाजतो आणि स्पीकर चुकून म्हणतो, "शैला..." मग गप्प होतो.

आता पुन्हा खंडेनवमी आली आहे. दमलेल्या यंत्राला विसावा द्यावा, हे त्यांनीच शिकवलं. पण या आवाजाला तो कोणी द्यायचा, आणि कधी?